काड्यापेटीतला भुंगेरा

चंदनसार, विरार पूर्व
१२ जून २०२४

ती. आत्या, वाकून नमस्कार.

लग्नाला सात वर्षं झाली आणि तुम्हाला पत्र आज पहिल्यांदा लिहितेय, तेही काम पडलं तेव्हा. 'अडला हरी' म्हणणार होते, पण ती म्हण तुमच्यापुढे पुरी करता येत नाही. फोनवर तुमच्याशी बोलणं होत नाही आणि मोबाईलवरचा निरोप तुम्ही आठ-आठ दिवस उघडत नाही. "आत्याला कागदावर लिही, उलट टपाली उत्तर येईल," असं तुमच्या भाच्यानंच सांगितलं.

काम अनिशचं आहे. पाच पूर्ण झाली त्याला. शाळेतून वर्षभर एकच तक्रार: मुलगा लक्ष देत नाही, हाक मारली तर बघत नाही, हट्टी आहे. मे महिन्यात बोलावून सांगितलं की पुन्हा ज्युनिअर केजीत बसवा. मला राग आला आणि मी त्याला काढून घेतलं. माझ्या लॅबची नोकरीही सोडली. एक वर्ष घरी शिकवणार आहे त्याला. कराडहून आई रोज फोन करून माझी अक्कल काढते.

पण पंधरा दिवसांतच माझी दमछाक झाली. पुस्तक उघडलं की तो खिडकीतून मुंग्या बघतो. काल जितेश म्हणाला, "मला तर आत्यानं सगळी मुळाक्षरं वाडीत किडे दाखवून शिकवली." हे खरं का? असेल तर ते मलाही शिकवा. बाबांना नमस्कार सांगा.

तुमची
सुरुची


सांडोर, वसई
२० जून २०२४

चि. सुरुची, घरातल्या तिघांनाही माझा आशीर्वाद.

म्हण पुरी केली असतीस तरी चाललं असतं. मला गाढव म्हणणारे या घरात पूर्वी पुष्कळ होते.

जितेश म्हणतो ते खरं आहे. केळीच्या बागेत आळ्यापाशी बसून तो शिकला, गावातली आणखी दहा-बारा मुलंही शिकली. माझे कान सातव्या वर्षी तापात गेले हे तुला ठाऊक आहेच. त्यामुळे माझे धडे डोळ्यांचे आणि हातांचे.

पहिला धडा अक्षराचा. गूळ पाण्यात दाट कालव आणि गॅलरीच्या फरशीवर बोटानं वीतभर 'म' काढ. अनिशला काही सांगू नकोस, नुसतं शेजारी बसव. मुंग्या येतील, कडेकडेनं बसतील आणि तासाभरात तुझा 'म' काळा होईल. मग त्याला दुसरा 'म' तिथंच शेजारी काढू दे. ज्या अक्षराला मुंग्या लागतात ते मूल विसरत नाही.

दुसरा धडा मऊ-खरबरीतचा. तुमच्याकडे अजून एखादा मोकळा माळ उरला असेल तर सकाळी मृगाचे किडे मिळतील, लाल मखमलीचे. एक तळहातावर चालू दे. मग फणसाची साल, मग तुझा पदर.

तिसरा भुंगेऱ्याचा. या दिवसांत दिव्यावर तपकिरी भुंगेरे येतात, ते डसत नाहीत. एक रिकाम्या काड्यापेटीत ठेव आणि पेटी अनिशच्या गालाला लाव. आत तो फडफडला की गालाला कळतं. किती वेळा थांबला, किती वेळा फडफडला, ते बोटांवर मोजायचं.

नियम एकच. जो जिथून आणला त्याला दिवस मावळायच्या आत तिथंच सोडायचं, आणि सोडणार अनिशच. पुढचं काय झालं ते लिही. माझ्याकडे पत्र येऊन पुष्कळ वर्षं झाली.

आत्या


चंदनसार
९ जुलै २०२४

ती. आत्या, नमस्कार.

तुमच्या पायावर डोकं ठेवायला सांडोरला यायला हवं! अनिशला अकरा अक्षरं येतात. अकरा! गॅलरीत मुंग्या इतक्या झाल्यात की खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायला आले, तर अनिशनं त्यांना हाताला धरून 'ग' दाखवला. वजाबाकी आम्ही लेडीबगच्या पाठीवरच्या ठिपक्यांवर करतो. तासन् तास हलत नाही तो. हा मुलगा लक्ष देत नाही म्हणे! शाळाच वाईट होती, माझा मुलगा नाही.

भुंगेऱ्याची काड्यापेटी तर त्यानं वीस मिनिटं गालाला लावून ठेवली, डोळे मिटून. मग ती माझ्या गालाला लावली. आता नवीन खेळ काढलाय. मी बोलत असले की माझ्या गळ्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "आई, तुझ्यात पण भुंगेरा." मी बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असतो. जितेश म्हणतो, एवढा आईवेडा मुलगा त्यानं पाहिला नाही.

बोबडेपणा मात्र आहे अजून. साखरेला 'आखर' आणि सापाला 'आप'. मला गोड वाटतं, पण घालवायचा कसा? आणि एक लबाडी. पाठमोरा असला की दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही आणि समोर गेले की लगेच शहाणा. टीव्हीचा आवाजही इतका मोठा करतो की शेजारी भिंत ठोकतात. सगळा हट्टीपणा बापाकडून आलाय.

पुढचे धडे लवकर पाठवा.

तुमची
सुरुची


सांडोर
३० जुलै २०२४

सुरुची, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. वाडीत कामं होती.

शेजारचा मेलरॉय भाजी-केळी घेऊन टेम्पोनं विरारच्या बाजारात येतो. त्याच्या हाती कढीलिंबाचं रोप पाठवते आहे. त्यावर दोन अळ्या आहेत. अनिशनं रोज एक चित्र काढायचं.

आणखी एक खेळ लिहिते, तो आधी कर. संध्याकाळी तुझ्या गॅलरीत रातकिडा ओरडत असेल. तो नक्की ओरडतोय ना, हे तू स्वतः ऐकून घे. मग अनिशचे डोळे फडक्यानं बांध आणि विचार, किडा कुठल्या कुंडीत आहे? त्याला हात धरून नेऊ नकोस आणि खूण करू नकोस. काय झालं ते मला जसंच्या तसं लिही, काही गाळू नकोस.

आत्या


चंदनसार
११ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

रोप पोचलं. मेलरॉयकाका वर येऊन गेले, अनिशशी बोलायचा त्यांनी बराच प्रयत्न केला, पण तो अळ्यांत गुंग होता.

तुम्ही काही गाळू नकोस म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर हे लिहिलं नसतं. तुमचा रातकिड्याचा खेळ फसला. गॅलरीत तीन कुंड्या आहेत. तुळशीच्या कुंडीमागे किडा असा किरकिरत होता की माझं डोकं उठलं होतं. मी अनिशचे डोळे बांधले. तो आधी हसला, मग चाचपडत मोगऱ्याकडे गेला, मग रेलिंगकडे. मी "नाही, नाही" म्हणत होते, तो थांबतच नव्हता. मग एकदम घाबरल्यासारखा झाला. फडकं ओढून काढलं आणि ओरडला, "किडा नाहीये! तू खोटं बोलतेस!"

मी त्याला मारलं, आत्या. एक थप्पड, पण जोरात. किडा तिथं ओरडत होता आणि हा मला खोटारडी म्हणत होता. तो रडला नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. रात्री जेवला नाही. दोन दिवस गुळाचं भांडं पुढे केलं तरी हात लावला नाही.

मला वाटतं, खेळ त्याच्या वयाला कठीण होता. दुसरा सांगा.

सुरुची


सांडोर
२ सप्टेंबर २०२४

सुरुची,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं आहे, ते मी पुन्हा वाचणार नाही, नाहीतर तेही फाडीन.

अनिश खोटं बोलला नाही. त्याला रातकिडा ऐकू येत नाही. त्याचे कान जाताहेत. उद्याच्या उद्या त्याला कानांच्या डॉक्टरकडे ने.

मला कसं कळलं ते सांगते. मला ताप आलाच नव्हता. सात वर्षांची असताना विषमज्वर झाला, वसईच्या डॉक्टरांनी हात टेकले, ही सगळी रचलेली गोष्ट आहे. माझे कान चौथ्या वर्षापासून हळूहळू गेले. आधी 'स' गेला. मीही साखरेला 'आखर' म्हणायची. मग पाखरं गेली, मग माणसं. माझ्या वडिलांची वसुंधरा आत्याही अशीच होती, तिला गाव मुकी म्हणायचं. आमच्या घरात हे आहे, एखाददुसऱ्या पिढीत वर येतं. माझ्या भावाच्या, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या, नरहरीच्या लग्नाच्या वेळी वडिलांनी तापाची गोष्ट रचली आणि आम्हा दोघांना देवापुढे उभं करून शपथ घातली. जितेशला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याच्यावर रागावू नकोस.

मुलीकडचे येणार म्हटलं की मला जवळच्या गास गावी मावसबहिणीकडे पाठवायचे. तुझ्या घरची माणसं कराडहून बघायला आली तेव्हाही मी गासला होते. लग्नात तुला ओवाळायला आले आणि तुला तापाचं सांगितलं गेलं. तू माझ्याकडे बघून किती हळहळलीस!

आता माझं स्वतःचं पाप. तुझ्या जुलैच्या पत्रात मी 'आखर' वाचलं, गळ्यावरचा हात वाचला. मला तेव्हाच कळलं. पण मी तुला सांगितलं नाही. नरहरीला विचारलं. तो म्हणाला, "मूल बोबडं आहे, होईल नीट, घरात आग लावू नकोस." मी त्याच्यावर ढकलू शकले असते, पण खरं तेवढंच नाही. तुझी पत्रं येत होती. सहासष्ट वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मला वाटलं, अजून एक पत्र येऊ दे, मग सांगू.

आणि माझे धडे! मला न ऐकणारीला जमतील असेच मी ते रचले होते. ते करायला कान लागतच नाहीत. म्हणून अनिश त्यात हुशार ठरला आणि तुला वाटलं सगळं ठीक आहे. माझ्या किड्यांनी त्याचं बहिरेपण झाकलं. शाळा बरोबर सांगत होती.

रातकिड्याचा खेळ म्हणजे मी चोरून घेतलेली परीक्षा होती. तुझं उत्तर यायच्या आधीच मेलरॉय परत येऊन म्हणाला होता, "आत्या, पोरगं हाकेला वळत नाय. तुज्यावानी." मी त्याचे ओठ वाचले आणि तरी तुझ्या पत्राची वाट पाहिली. ती थप्पड माझ्यामुळे बसली. नंतरचे तीन आठवडेही मीच घालवले.

मला काय बोलायचं ते बोल. पण डॉक्टरकडे आधी जा.

प्रेमलता


चंदनसार
९ सप्टेंबर २०२४

आत्या,

तपासणीची वेळ मिळाली आहे.

मी लॅबमध्ये आठ वर्षं काम केलं. लोकांचे रिपोर्ट एक दिवस उशिरा गेले तर मला झोप यायची नाही. आणि माझ्या मुलाचा रिपोर्ट तुमच्या ट्रंकेत दोन महिने पडून होता. तुम्हाला पत्रं हवी होती म्हणून!

जितेशनं बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तिनं लग्न केलं असतं का?" मला हे थेट विचारलं असतं तर काय उत्तर दिलं असतं ते मलाही ठाऊक नाही. पण मला विचारायला हवं होतं.

यापुढे पत्र पाठवू नका.

सुरुची


चंदनसार
१८ जानेवारी २०२५

आत्या, नमस्कार.

तुम्ही खरोखरच पत्र पाठवलं नाही. मी पाठवू नका म्हटलं होतं आणि तरी टपालपेटी बघत होते.

अनिशला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. बारीक आवाज जवळजवळ नाहीतच. पुढे आणखी कमी होऊ शकेल. नोव्हेंबरात दोन्ही कानांना मशीन बसवली. पहिल्या दिवशी कुकरची शिटी झाली आणि त्यानं मशीन उपटून कॉटखाली फेकलं. आता सकाळी स्वतः मागतो. बोलणं शिकवायला स्वप्नाली मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, वर्षभर आधी आला असता तर बरं झालं असतं, पण गेल्यात जमा नाही. असंही म्हणाल्या की या मुलाला वस्तूंची ओळख खूप आहे, याच्याशी कुणीतरी हातांनी बोललंय. तुमचं नाव घ्यायची माझी तयारी नव्हती.

पण घ्यावं लागलं. फॉर्मवर प्रश्न होता, कुटुंबात आणखी कुणाला आहे का? जितेशचं पेन तिथं थांबलं. बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, कशाला लिहायचं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: प्रेमलता, वडिलांची आत्या, चौथ्या वर्षापासूनचा दोष. वसुंधराबाईंचंही लिहिलं. मॅडमनी विचारलं, या प्रेमलताबाईंची तपासणी कधी झाली होती? जितेश माझ्याकडे बघायला लागला. तुम्हाला कुणी कधी दाखवलंच नाही, होय ना? तापात गेलेले कान कोण दाखवणार!

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुमच्यावरचा राग मी चार महिने जपला, कारण तो संपला की मग माझा उगारलेला हात तेवढा उरतो. मी अनिशला सांगितलं, त्या दिवशी तू खोटं बोलत नव्हतास. तो म्हणाला, त्याला आठवत नाही. मला आठवतं.

२८ तारखेला, मंगळवारी, जितेश त्याला मशीन तपासायला नेणार आहे. तुमचीही वेळ मी घेतली आहे. बाबांना सोबत न्या. मी लॅबमध्ये अर्धा दिवस जायला लागलेय, त्यामुळे येणार नाही. खरं सांगायचं तर सुट्टी मिळाली असती, पण मला अजून तुमच्यासमोर यायचं नाही. तरी तुम्ही जा.

सुरुची


सांडोर
३० जानेवारी २०२५

चि. सुरुची,

गेले होते. जितेशनं तुला सांगितलं असेलच, तरी लिहिते, कारण ते तू बघायला हवं होतंस.

आधी माझं. डॉक्टरबाईंनी मला कागदावर लिहून दिलं: तरुणपणी यंत्र मिळालं असतं तर माणसांचं बोलणं ऐकू आलं असतं. आता उजव्या कानाला थोडा उपयोग होईल, आवाज कळेल, शब्द नाही. तो कागद वाचून मला राग आला. इतकी वर्षं मी समजूत घालून घेतली होती की माझ्या नशिबातच नाही. नशिबात होतं, घरात नव्हतं. नरहरी शेजारी बसून रडला. मी त्याला एक शब्द बोलले नाही. अजूनही बोललेली नाही.

पण त्याच्या आधीचं सांगायचं होतं. नाव घालायच्या टेबलावर मुलीनं नरहरीला विचारलं, यांना कधीपासून ऐकू येत नाही? मी त्याच्या ओठांकडे बघत होते. चाळीस वर्षांची सवय, तो म्हणाला, "तापात गेले हो, लहानपणी." अनिश त्याच खोलीत असताना, तुझा फॉर्म आत असताना, तो तेच म्हणाला.

मी बाहेरच्या माणसांत तोंड उघडत नाही, हे तुला ठाऊक आहे. माझा आवाज कसा निघतो ते मला कळत नाही आणि ऐकणारे हसतात ते दिसतं. त्या दिवशी मी उघडलं. म्हणाले, "खोटं आहे. ताप नव्हता. आमच्या घरातच आहे हे, लिहून घ्या."

मोठ्यानं निघालं असणार. बाकांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. टेबलावरच्या मुलीचं पेन पडलं.

दिवाणखान्याएवढ्या त्या खोलीच्या पार टोकाला, खिडकीशी, अनिश आमच्याकडे पाठ करून उभा होता. जितेश पाणी आणायला गेला होता, त्याच्याजवळ कुणी नव्हतं. त्याला कुणी हात लावला नव्हता. तोही वळला, सुरुची. सगळ्यांबरोबर वळला.

मग धावत आला, माझ्या तोंडावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. मी ओठ वाचले, पण माझ्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून जितेश आल्यावर त्याला अनिशकडून पुन्हा वदवून घ्यायला लावलं आणि कागदावर लिहून मागितलं. वाचलं होतं तेच निघालं. तो म्हणाला होता, "आत्याआजी, हळू बोल."

आत्या